बगदादचे ससून, नांदेडचे चाऊस

मुंबईत काळा घोड्याजवळच्या डेव्हिड ससून ग्रंथालयात शिरलं की एक संगमरवरी पुतळा दिसतो. पायघोळ झगा, डोक्याला गुंडाळलेलं पागोटं, छातीवर रुळणारी दाढी. नाव न वाचता पुढे जाणारा माणूस त्याला हमखास मौलवी नाहीतर एखादा नबाब समजतो. नाव वाचलं की गोंधळ वाढतो, कारण आपल्या डोक्यात ज्यू माणसाचं चित्र काळा कोट आणि काळी हॅट असं पक्कं बसलेलं आहे.

डेव्हिड ससून 1792 साली बगदादमध्ये जन्मला. तिथल्या तुर्की सुभेदाराशी बिनसल्यावर तो इराणच्या आखातातल्या बुशहर बंदरात पळाला आणि 1832च्या सुमारास मुंबईला आला. कापूस आणि अफू या दोन मालांवर त्याच्या पेढीने चीनपर्यंत हातपाय पसरले. (पुण्याच्या ससून रुग्णालयाला हातभार लावणारा पैसा अफूचाही होता, हे आपण सहसा बोलत नाही.) मुंबईत तीस वर्षं राहूनही त्याने पोशाख बदलला नाही. घरात बोलणं बगदादी अरबीत. पेढीचा पत्रव्यवहारही अरबीतच, फक्त लिपी हिब्रू. हे कागद आज जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. बगदादमध्येच जन्मलेले इतिहासकार जोसेफ ससून यांनी ते वाचून 2022 साली घराण्याचा इतिहास लिहिला. ज्याला दोन्ही येतं त्यालाच ती पत्रं उलगडतात: हिब्रू अक्षरं आणि बगदादच्या ज्यू मोहल्ल्यातली अरबी बोली. 1855च्या सुमारास अशाच अरबीत, हिब्रू अक्षरांत छापलेलं एक नियतकालिक मुंबईतून निघत होतं. म्हणजे मुंबईत एके काळी अरबी वृत्तपत्र निघे आणि ते वाचणारे ज्यू होते.

डेव्हिडच्या थोरल्या मुलाचं नाव अब्दुल्ला. कुलाब्याचा ससून डॉक याच अब्दुल्लाने बांधला. पुढे तो इंग्लंडला गेला, अल्बर्ट झाला आणि 1890 साली बॅरोनेट. एका पिढीत अरबी अंगरखा उतरला आणि साहेबी कोट चढला. धर्माला धक्काही लागला नाही. बापाच्या पिढीत अरबपण आणि ज्यूपण एका अंगावर सुखाने नांदत होतं. मुलाच्या पिढीत अरबपण व्यवहाराला अडचणीचं ठरलं, म्हणून ते गळालं.

अरब म्हणजे मुसलमान आणि मुसलमान म्हणजे थोडाफार अरब, हे समीकरण आपल्याकडे इतकं रुळलेलं आहे की त्याची शहानिशा करायची कुणाला गरजच वाटत नाही. आकडे पाहिले तर ते जागेवरच कोसळतं. जगातल्या मुसलमानांत अरब साधारण एक पंचमांश. इंडोनेशिया, पाकिस्तान, भारत, बांगलादेश या चारांपैकी प्रत्येक देशात कुठल्याही अरब देशापेक्षा जास्त मुसलमान आहेत. उलट बाजूने इजिप्त, लेबनॉन, सीरिया, इराक, पॅलेस्टाईन, जॉर्डनमध्ये ख्रिस्ती वस्ती आहे, आणि तिची मुळं इस्लामच्या आधीची आहेत. आकड्यांनी एवढंच कळतं. हे दोन धागे एकमेकांत गुंतले कसे आणि ते तोडायची घाई कुणाला झाली, हा खरा विषय आहे.

इस्लामच्या आधीही अरब होते, आणि त्यांच्यात ख्रिस्ती, ज्यू, मूर्तिपूजक सगळेच होते. सीरियात झबद इथे इ. स. 512चा एक शिलालेख सापडला आहे. ग्रीक, सिरियाक आणि अरबी अशा तीन लिप्यांतला हा लेख एका ख्रिस्ती हुतात्म्याच्या स्मारकावर होता. अरबी लिपीच्या सर्वात जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. पैगंबरांचा जन्म त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी झाला.

त्यानंतरच्या शतकातली गोष्ट आणखी मासलेवाईक आहे. अरबांनी इराण, सीरिया, इजिप्त जिंकलं तेव्हा नवा धर्म हा आपला, अरबांचा, अशी राज्यकर्त्यांची पक्की समजूत होती. इराणी माणसाला मुसलमान व्हायचं तर त्याला आधी एखाद्या अरब टोळीचा आश्रित व्हावं लागे. अशा माणसांना मवाली म्हणत. (आपल्या गल्लीतल्या मवाल्याचं मूळ हेच.) धर्म बदलूनही काही ठिकाणी त्याच्या मानेवरचा जिझिया सुटत नसे, कारण तिजोरीला महसूल हवा होता. दुसऱ्या उमर खलिफाने 717 ते 720 या आपल्या छोट्या कारकिर्दीत हा प्रकार बंद करायचा प्रयत्न केला. याच्या बरोबर उलट तघलिब ही टोळी. ती अस्सल अरब, पण ख्रिस्ती. आम्ही अरब, आम्ही जिझिया देणार नाही, असं ती अडून बसली. परंपरा सांगते, की पहिल्या उमर खलिफाने तोडगा काढला: जिझियाऐवजी मुसलमानांच्या दुप्पट सदका, म्हणजे दानधर्माचा कर, द्या. पैसा तोच, नाव वेगळं, अब्रू शाबूत! याच तघलिब टोळीतला अल्-अख्तल हा कवी गळ्यात क्रूस घालून दमास्कसच्या उमय्या दरबारात मिरवायचा आणि खलिफांची स्तुती करायचा, असं जुने ग्रंथ सांगतात. ख्रिस्ती अरबाला दरबारात जागा होती आणि मुसलमान इराण्याला दारात थांबावं लागत होतं.

त्या इराण्यांनी सूड मात्र झकास उगवला. अरबी व्याकरणाचा पहिला मोठा ग्रंथ सिबवैह या इराण्याने आठव्या शतकात लिहिला आणि आजही अरब मुलांकडून त्याचे नियम घोटून घेतले जातात. हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचा, सर्वात मान्य संग्रह करणारा बुखारी मध्य आशियातला. हळूहळू भाषा सगळ्यांची झाली, धर्म सगळ्यांचा झाला आणि अरब कोण हा प्रश्न मागे पडला.

आपल्या किनाऱ्यावर याचा एक सुरेख पुरावा आहे. डहाणूजवळच्या चिंचणीला राष्ट्रकूटांचे ताम्रपट मिळाले. त्यातला शके 848चा, म्हणजे इ. स. 926चा ताम्रपट सांगतो, की राष्ट्रकूट राजांच्या वतीने संजाण प्रांताचा कारभार मधुमती नावाचा अधिकारी पाहत होता. मधुमती हे मुहम्मदचं संस्कृतीकरण, असं अभ्यासक मानतात. त्याने खाड्या ओलांडायला फुकट नावा चालवल्या, अन्नछत्र घातलं आणि मठ उभारायला अनुमती दिली. ताम्रपट त्याला ताजिक म्हणतो, म्हणजे अरब. त्याचा धर्म कोणता याची कोरणाऱ्याला फिकीर नाही. तो कुठल्या लोकांतला, एवढी माहिती त्या काळी कारभाराला पुरेशी होती.

ही फिकीर नसण्याची चैन बगदादमध्ये विसाव्या शतकापर्यंत टिकली. 1917च्या सुमारास शहराची वस्ती दोन लाखांच्या आसपास. त्यात ज्यू ऐंशी हजारांच्या घरात. शनिवारी बाजार थंड असे. बगदादची अरबी एक नव्हती, तीन होत्या: मुसलमानी, ज्यू आणि ख्रिस्ती. हाइम ब्लांक या भाषाशास्त्रज्ञाने 1964 साली यावर पुस्तक लिहिलं. ‘मी म्हणालो’ याला मुसलमान ‘गिलित’ म्हणत, ज्यू आणि ख्रिस्ती ‘केल्तू’च्या जवळचं काहीतरी म्हणत. तोंड उघडताच माणूस कुठल्या मोहल्ल्यातला ते कळे. ब्लांकचं म्हणणं असं, की मंगोलांनी 1258 साली बगदाद उद्ध्वस्त केल्यानंतरच्या शतकांत वाळवंटातल्या टोळ्या शहरात येत गेल्या आणि शहरी मुसलमानांची बोली त्यांच्या वळणाची झाली. खलिफांच्या काळातल्या शहरी अरबीचा वारसा राहिला तो ज्यू आणि ख्रिस्ती घरांत. हे खरं असेल तर हारून अल्-रशीदच्या बगदादची अरबी ऐकायला ज्यू आजीकडे जायला हवं होतं. बाजारात हीच मंडळी सफाईने मुसलमानी बोलीत बोलत आणि घरी येऊन आपल्या बोलीत हुश्श करत. साताऱ्याकडचा माणूस पुण्याच्या कचेरीत वेगळा बोलतो आणि गावच्या एसटीत वेगळा, तसंच.

1921 साली इंग्रजांनी फैजलला इराकच्या गादीवर बसवलं. त्याच्या राज्याचा पहिला अर्थमंत्री ससून एस्केल, ज्यू. तेलाच्या कराराची बोलणी चालली असताना त्याने इराकचा हिस्सा सोन्याच्या हिशेबात मिळावा असा आग्रह धरला, ही हकिकत इराकी माणूस आजही कौतुकाने सांगतो. 1932 साली कैरोत अरबी संगीताची मोठी परिषद भरली. इराकच्या चमूतला गायक मुहम्मद अल्-कुब्बांजी मुसलमान, आणि साथीला बसलेले सगळे वादक ज्यू. अरबी संगीत म्हणजे काय हे ठरवायला जमलेल्या परिषदेत इराकची बाजू ज्यूंनी वाजवली आणि कुणाला त्यात विसंगत काही वाटलं नाही.

पुढे बगदाद रेडिओचा वाद्यवृंद उभारला सालेह आणि दाऊद अल्-कुवेती या भावांनी. कुवेतमध्ये जन्मलेले हे इराकी ज्यू. त्यांची पहिली वाद्यं, एक व्हायोलिन आणि एक ऊद, चुलत्याने भारतातून व्यापाराहून परतताना आणली होती असं सांगतात. सालेहच्या चाली इराकभर गाजल्या. आज इराकी लग्नात जुनी म्हणून जी गाणी वाजतात त्यांतली कित्येक त्याची आहेत.

मग दिवस फिरले. रशीद अलीचं जर्मनीधार्जिणं सरकार कोसळल्यावर 1 आणि 2 जून 1941 रोजी बगदादमध्ये ज्यूंवर हल्ले झाले. या दंगलीला फर्हूद म्हणतात. सुमारे 180 माणसं मेली. अनेकांना मुसलमान शेजाऱ्यांनी घरात दडवून वाचवलं. इस्रायल झाल्यावर, सप्टेंबर 1948मध्ये, बसऱ्याच्या शफीक आदेस या धनाढ्य ज्यू व्यापाऱ्याला फाशी झाली. एवढे लागेबांधे असलेला माणूस सुटला नाही तर आपलं काय, हा धडा सगळ्यांनी घेतला. मार्च 1950मध्ये इराकी संसदेने कायदा केला: ज्यांना जायचं त्यांनी नागरिकत्व सोडून जावं. वर्षभराने, लोकांनी नावं नोंदवून झाल्यावर, त्यांची मालमत्ता गोठवली. दीड वर्षात सुमारे 1,20,000 माणसं विमानांनी इस्रायलला गेली. अडीच हजार वर्षांची वस्ती अशी गेली.

इस्रायलमध्ये त्यांना तंबूंच्या छावण्या मिळाल्या. तिथे अरबी ही शत्रूची भाषा होती. कुवेती बंधू तेल अवीवच्या एका वस्तीत भांड्यांचं दुकान चालवू लागले. बगदादमध्ये पुढे सत्तेवर आलेल्या बाथ पक्षाच्या राजवटीत रेडिओवरून त्यांची गाणी वाजत राहिली, नावं मात्र गाळली गेली. इकडे अरब म्हणून नको, तिकडे ज्यू म्हणून नको. दाऊदचा नातू दुदू तासा हा इस्रायलमधला रॉक संगीतकार. त्याने 2011 साली आजोबांच्या गाण्यांचा अल्बम काढला तेव्हा ती नावं पुन्हा लोकांच्या तोंडी आली.

या लोकांना अरब ज्यू म्हणावं का, यावर त्यांच्यातच कडाक्याचं भांडण आहे, आणि मला ते भांडण कुठल्याही उत्तरापेक्षा मोलाचं वाटतं. बगदादमध्ये जन्मलेले इतिहासकार अवी श्लाइम यांनी 2023च्या आत्मकथनात स्वतःला सरळ अरब ज्यू म्हटलं. ट्युनिसचे लेखक अल्बेर मेम्मी यांनी 1970च्या दशकातच उलट सुनावलं होतं: आम्हाला अरब ज्यू व्हायला आवडलं असतं, अरब मुसलमानांनी होऊ दिलं नाही. समीर नक्काश हा कादंबरीकार तर मरेपर्यंत, 2004पर्यंत, इस्रायलमध्ये बसून अरबीतच लिहीत राहिला. पात्रांच्या तोंडी बगदादच्या ज्यू बोलीचे संवाद घालायचा आणि तळटीपांत अर्थ द्यायचा. हिब्रू वाचकाला त्याची अरबी कळेना, अरब वाचकापर्यंत त्याचं पुस्तक पोचेना.

ख्रिस्ती अरबांची कहाणी वेगळ्या वळणाची आहे, कारण आधुनिक अरबपणाची पायाभरणीच बऱ्याच अंशी त्यांनी केली. बैरुतच्या बुत्रुस अल्-बुस्तानीने 1860च्या धार्मिक कत्तलीनंतर पत्रकं काढून देशबांधवांना एका भाषेच्या, एका मातीच्या नात्याची आठवण करून दिली. पुढे त्याने मोठा अरबी शब्दकोश केला. लेबनॉनहून गेलेल्या तकला बंधूंनी 1875 साली अलेक्झांड्रियात ‘अल्-अहराम’ काढलं. जुर्जी झैदानने 1892 साली कैरोत ‘अल्-हिलाल’ सुरू केलं आणि त्यातून इस्लामी इतिहासावरच्या कादंबऱ्यांची रांग लावली. ख्रिस्ती लेखक, खलिफांच्या गोष्टी, मुसलमान वाचक. त्यांचा हिशेब सरळ होता: तुर्की सुलतानाच्या राज्यात धर्म मोजला तर आपण कायमचे दुय्यम, भाषा मोजली तर बरोबरीचे.

या हिशेबाचा शेवटचा धनी मिशेल अफलक. दमास्कसच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घरातला. त्याने सलाह अल्-दीन अल्-बितार या मुसलमान मित्राबरोबर बाथ पक्ष उभा केला. 1947 साली त्याचं पहिलं अधिवेशन झालं. त्याआधी, 1943मध्ये, अफलकने दमास्कसला पैगंबरांच्या स्मृतीवर भाषण केलं. मांडणी अशी, की इस्लाम हा अरबांच्या प्रतिभेचा सर्वोच्च आविष्कार आहे, म्हणून ख्रिस्ती अरबांनीही तो आपला सांस्कृतिक वारसा मानावा. भाषण गाजलं. पण त्यात एक ग्यानबाची मेख होती. अरबपणाचा कळस इस्लाम, तर मग ख्रिस्ती अरब कायम पायरीवरच उभा राहणार. अफलक 1989 साली वारला, तेव्हा बाथ सरकारने बगदादमध्ये जाहीर केलं, की त्याने आधीच गुपचूप इस्लाम स्वीकारला होता. खरं खोटं त्याला ठाऊक. ज्यू संगीतकारांची नावं रेडिओवरून पुसणारी राजवट याच ख्रिस्ती माणसाच्या पक्षाची होती आणि तिने अखेर त्याचाही धर्म बदलून टाकला.

लेबनॉनमध्ये तर गंमतच. 1943च्या अलिखित करारात ठरलं, की राष्ट्रपती मॅरोनाइट ख्रिस्ती असेल आणि देशाचा ‘चेहरा अरब’ असेल. सईद अक्ल हा कवी म्हणायचा, आम्ही अरब नव्हेच, आम्ही फिनिशियन. त्याने लेबनीज बोलीसाठी रोमन वळणाची वेगळी लिपीही बनवली. आणि याच माणसाने मक्केवर गीत लिहिलं, ख्रिस्ती फैरूझने ते गायलं. अरब जगात ते भक्तिभावाने ऐकलं जातं.

आता थोडं मराठवाड्यात येऊ. नांदेड, परभणी, औरंगाबादेकडे चाऊस आडनाव सर्रास आढळतं. यांचे पूर्वज येमेनच्या पूर्वेकडच्या हद्रमौतचे. ओसाड दऱ्या, वरचेवर दुष्काळ, म्हणून तिथला तरुण समुद्र ओलांडून तलवारीवर पोट भरायला निघे. मालक कोण हे तो पाहत नसे. कोरेगावच्या लढाईत 1 जानेवारी 1818 रोजी पेशव्यांच्या बाजूने अरब लढले. नागपूरला आप्पासाहेब भोसल्यांचे अरब सीताबर्डीच्या लढाईनंतरही शहर धरून बसले. मालेगावचा किल्ला अरबांनी इंग्रजांशी आठवडेच्या आठवडे झुंजवला. हिंदू राजाचं मीठ खाऊन लढताना त्यांना धर्मसंकट पडल्याचं दिसत नाही. पगार थकला की मात्र ते धन्याच्याच दारात धरणं धरत. पुढे निजामाच्या फौजेत त्यांचा जम बसला. हैदराबादेत जमादारी करून पैसा जमवलेल्या अल्-कुऐती घराण्याने तिकडे मुकल्ला बंदरात स्वतःची सल्तनत उभारली आणि ती 1967पर्यंत टिकली.

सप्टेंबर 1948मध्ये निजामाचं राज्य भारतात आणणारं पोलीस अ‍ॅक्शन झालं आणि हे अरब एकाएकी परके ठरले. अनेकांना छावण्यांत ठेवलं गेलं, एडनला पाठवायचं घाटत होतं, काहींना पाठवलंही. एडनच्या इंग्रजांना ते नको होते, कारण हद्रमौतमध्ये तेव्हा दुष्काळ होता. कोण इथला, कोण तिथला, हे कागदावरून ठरवायचं होतं, आणि तीन पिढ्यांपूर्वी गलबतावर चढलेल्या माणसाकडे कागद कसला? इराकच्या कायद्याला अजून दीड वर्ष अवकाश होता. दोन्ही प्रसंग सारखे नाहीत, प्रमाण तर मुळीच सारखं नाही. पण नव्या राज्याला माणसाची एकच ओळख हवी असते आणि ती त्याच्याकडून लेखी हवी असते, हे दोन्हीकडे दिसतं.

नांदेडच्या एका जुन्या मोहल्ल्यात एका चाऊस चाचांकडे बसलो होतो. बोलणं दख्खनी आणि मराठी यांच्या बेमालूम मिश्रणात. अरबी नमाजापुरती. ‘आमचे पडदादा तिकडून आले, एवढं माहीत,’ म्हणाले. ‘गाव कोणतं, ते कुणालाच सांगता येत नाही.’ घरातल्या लग्नांत मात्र अजून खानदान पाहतात. पुतण्या जेद्दाला नोकरीला आहे. जाताना तो म्हणे मोठ्या ऐटीत होता, आपल्याच लोकांत चाललो म्हणून. ‘तिथं त्याला काय म्हणतात, विचारा,’ चाचा म्हणाले, आणि उत्तर स्वतःच दिलं, ‘हिंदी.’

याच हद्रमौतच्या दोआन खोऱ्यातून मुहम्मद बिन लादेन नावाचा एक गरीब मुलगा विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत जेद्दाला गेला आणि सौदी राजघराण्याचा सर्वात मोठा ठेकेदार झाला. ओसामाचा बाप तो. जेद्दाचे कितीतरी बडे व्यापारी त्याच मुलखातून आलेले, आणि आज ते सौदी नागरिक. चाचांच्या पूर्वजांचं गलबत पूर्वेला वळलं होतं. पुतण्याला तिथे राहायचं तर इकामा, म्हणजे रहिवासाचा परवाना, लागतो आणि त्याची मुदत संपली की फी भरून तो वाढवून घ्यावा लागतो. अरब वंशाचा, इस्लाम धर्माचा, म्हणून त्यात सूट नाही.